वेस, नाका, बायपास: सोलापूर पसरलं, पण जुळलं का?

परवा जुळे सोलापुरात एका मित्राकडं गेलो होतो. गच्चीवर चहा घेत उभे होतो. समोर, फार तर दोनशे पावलांवर, त्याच्या मुलीची शाळा दिसत होती. शाळेची घंटा घरात ऐकू येते म्हणाला. मी सहज म्हटलं, "मग पोरगी चालतच जात असेल की." तो हसला. "चालत कुठलं? मधी भिंत हाय की. आमच्या कॉलनीतून मेन रोडला जायचं, पुढच्या चौकात वळायचं, मग त्यांच्या कॉलनीत शिरायचं. दोन किलोमीटर होतंय बघ. रोज गाडीवर सोडावं लागतंय."

दोनशे पावलांसाठी दोन किलोमीटर. आणि त्यातला बराचसा भाग ट्रक, डंपर आणि एसट्यांच्या मधून.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जाईना. आपण सोलापूरकर रस्त्यांबद्दल बोलतो म्हणजे खड्ड्यांबद्दल बोलतो. पण खड्डा बुजवता येतो. रस्ता कुठून कुठं जातो, आणि कुठं अचानक संपतो, हे एकदा ठरलं की शंभर-दीडशे वर्षं बदलत नाही. घरं पडतात, नवी होतात, मालक बदलतात, रस्त्याची रेघ तशीच राहते. म्हणून आज खड्डे बाजूला ठेवून या रेघांचा इतिहास सांगतो. जरा लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा.

सोलापूरच्या वाढीचे तीन टप्पे आपल्या रोजच्या बोलण्यातच लपलेत. वेस, नाका आणि बायपास. शहराची कड कधी कुठं होती, ते हे तीन शब्द सांगतात.

वेस

सोळा गावांवरून सोलापूर हे नाव पडलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. अभ्यासक मात्र सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या 'सोन्नलगी' या नावाकडं बोट दाखवतात. नावाचं काही असो, बाराव्या शतकापासून या गावाचा एक नकाशा लोकांच्या पायांत आहे. गड्ड्याच्या यात्रेत हिरेहब्बू वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. एवढे उंच नंदीध्वज खांद्यावर पेलून गावाला प्रदक्षिणा घालायची, तर गावातले रस्ते एकमेकांना मिळालेले पाहिजेत. मध्येच भिंत आली, मागं फिरा, असं चालणार नाही.

या जुन्या गावाला तट होता. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरनुसार त्याचा घेर अडीच मैलांचा, म्हणजे साधारण चार किलोमीटर. नैर्ऋत्येला भुईकोट किल्ला, आत कसबा आणि पेठा. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही नावं आपण आजही रिक्षावाल्याला सांगतो. वेशी गेल्या, नावं उरली.

आतले रस्ते अरुंद होते आणि बोळ वाकडेतिकडे. काही बोळ पुढं बंदही होते. जुनं ते सगळं सोनं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण तिथले आडबोळ पन्नास-शंभर पावलांत संपायचे आणि शेजारच्या बोळातून माणूस पुढं निघायचा. मंगळवार पेठेतून कसब्यात जायला एक रस्ता बंद असला, तर दुसरे तीन सापडायचे. आजही मिरवणुकीनं टिळक चौक अडला, की जुना सोलापूरकर बरोबर बोळाबोळातून गाडी बाहेर काढतो.

मग १८१८ मध्ये इंग्रज आले, १८५२ मध्ये नगरपालिका झाली आणि १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. गावाबाहेर स्टेशन झालं, रेल्वे लाईन्सचे सरळ रुंद रस्ते आले. गाव तटाच्या आत मावेना.

आता नीट लक्ष द्या. १८७२ च्या सुमाराला सोलापूरच्या नगरपालिकेनं काय केलं? गावाला वाढायला जागा मिळावी म्हणून पूर्वेकडचा तट सगळाच्या सगळा पाडला, नैर्ऋत्य आणि उत्तर बाजूचाही काही भाग पाडला. हे गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. तेव्हा गावची लोकसंख्या होती पन्नास हजारांच्या जरा वर. म्हणजे आजच्या चार-पाच मोठ्या नगरांएवढ्या गावाला कळलं होतं, की शहर वाढवायचं तर आधी भिंत पाडावी लागते.

गिरणी, माग आणि एक काटेरी कुंपण

१८७० च्या दशकातच जुनी गिरणी उभी राहिली. पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल आल्या. गिरणीचा भोंगा हे शहराचं घड्याळ झालं. कामगार चालत कामावर जायचा, फार तर सायकलवर. त्यामुळं चाळ गिरणीपासून लांब असून चालत नव्हतं.

पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी माग मांडले. साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ. एकाच घरात राहणं, विणणं आणि रंगवणं. सुताचा व्यापारी, रंगारी आणि चादर विकणारा सगळे हाकेच्या अंतरावर. दाटी होती, गटारी उघड्या होत्या, साथी यायच्या. पण एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाता येत होतं. कामधंदा त्या जोडणीवरच चालला होता.

याच काळात शहरात एक जागा मात्र मुद्दाम तोडून ठेवली होती. सेटलमेंट. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर जन्मतः शिक्का मारला, त्या पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांतल्या लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं. बाहेर जायला परवानगी आणि रोजची हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, लोक मुक्त झाले. पण रस्ता तोडला की माणूस तुटतो, हे या शहरानं तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हाचं कुंपण माणसांना आत ठेवण्यासाठी होतं. आजच्या कॉलन्यांची कुंपणं माणसांना बाहेर ठेवण्यासाठी आहेत. दोन्ही एकसारखी नाहीत, एकाच तराजूत तोलणं अन्याय होईल. पण कुंपण घालून शहर सुरक्षित होतं, ही समजूत किती जुनी आहे ते यावरून दिसतं.

नाका

स्वातंत्र्यानंतर शहराची कड वेशीपासून नाक्यावर गेली. पुणे नाका, विजापूर नाका, बोरामणी नाका. इथं जकात घेतली जायची. नाक्याच्या आत शहर, बाहेर ज्वारीची शेतं. आज आपण 'जुना पुणे नाका' म्हणतो, त्या 'जुना' शब्दातच सगळी गोष्ट आली. कड पुढं सरकली, नाव मागं राहिलं.

१९६४ मध्ये महानगरपालिका झाली. नाक्यांच्या आतलं क्षेत्र ३३ चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. १९९१ च्या जनगणनेत या ३३ चौरस किलोमीटरमध्ये सहा लाख लोक होते. म्हणजे एका चौरस किलोमीटरला साधारण १८ हजार माणसं. गच्च भरलेलं गाव.

मग १९९२ मध्ये हद्दवाढ झाली. बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आजूबाजूची गावं शहरात आली आणि क्षेत्र झालं १७८.५७ चौरस किलोमीटर. एका दमात पाच पटींहून जास्त. 'हद्दवाढ भाग' हा शब्द तिथून सोलापूरच्या बोलण्यात घुसला तो अजून निघालेला नाही. तीस वर्षं उलटली तरी तो भाग 'वाढीव'च आहे.

आता २०११ चा आकडा बघा. लोकसंख्या साडेनऊ लाख. क्षेत्र पाच पट झालं, माणसं दीडपटीच्या जरा वर गेली. त्यातही काही आधीच त्या गावांत राहणारी. एका चौरस किलोमीटरला आता साधारण ५,३०० माणसं. या क्षेत्रात शेतं आणि पडीक रानंही आहेत, त्यामुळं सरासरीवर जास्त ताणून बोलू नये. पण कल कुठं आहे ते दिसतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या वाढली जेमतेम नऊ टक्के. पोरं पुण्याला गेली, गिरण्या बंद पडल्या. म्हणजे माणसांची गर्दी झाली म्हणून शहर पसरलं, असं म्हणायला जागा कमी आहे. बरंचसं शहर पसरलं ते प्लॉटसाठी. आजही हद्दवाढ भागात फिरा. दोन घरं, मग चार रिकामे प्लॉट, त्यांत वेडी बाभूळ, मग परत एक घर.

रस्ते तुटले कसे?

हे कुणी कट करून केलेलं नाही. पद्धतच तशी पडली.

एका शेतकऱ्याचा एक गट असतो. समजा चार एकर. तो विकतो किंवा बिल्डरबरोबर विकसित करतो. लेआउट मंजूर होतो तो त्या चार एकरांपुरता. आत नऊ मीटरचे रस्ते, थोडी मोकळी जागा आणि प्लॉट. हे रस्ते मुख्य रस्त्याला मिळाले की नकाशा पूर्ण. शेजारच्या गटात तेव्हा तूर उभी असते. दहा वर्षांनी तूर जाऊन तिथंही लेआउट येतो. त्याचे रस्ते वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या दिशेला. मधला बांध होता तिथं कंपाउंड वॉल उभी राहते. कागदावर रस्ता हद्दीपर्यंत दाखवलेला असला, तरी शेवटच्या प्लॉटवाल्यानं तोवर तिथं पत्र्याचं शेड टाकलेलं असतं, नाहीतर गाडी लावायची जागा केलेली असते.

थोडक्यात, आपल्या नव्या सोलापूरचा नकाशा कुण्या नगररचनाकारानं काढलेला नाही. तो बांधांनी काढलाय. भावाभावांत वाटण्या होताना जिथं बांध पडला, तिथं आज भिंत आहे.

गुंठेवारीत तर त्याहून वाईट. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे साध्या कागदावर विकले, मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट ठेवली. गरीब माणूस घेणार काय? त्याला परवडलं ते त्यानं घेतलं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ती घरं नियमित करायची सोय झाली, आणि ते गरजेचंच होतं. पण कागद नियमित होतो, वाट रुंद होत नाही.

आणि गावांचे जुने शिवरस्ते, पाणंदी? खरं तर तेच आयते जोडरस्ते होते. एका गावची शीव दुसऱ्या गावाला जोडणारे. त्यातले कितीतरी प्लॉटिंगमध्ये गडप झाले. विकास आराखड्यावरचे मोठे रस्ते म्हणाल, तर जुना पुणे नाक्याकडून विजापूर रस्त्याकडं जाणाऱ्या ५४ मीटर रस्त्याचं नाव काढा. कागदावरच्या त्या रेघेची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. घरं आधी आणि रस्ता नंतर, असा उलटा क्रम लावला की प्रत्येक मीटरला भूसंपादन आणि कोर्ट.

गंमत म्हणजे सोलापूरला निसर्गानं कुठंच अडवलेलं नाही. मुंबईला समुद्र आहे, पुण्याला टेकड्या आहेत. आपलं शहर सपाट पठारावर, काळ्या मातीत. अडथळा म्हणावा तर एक रेल्वेमार्ग. तेवढा सोडला, तर बाकीच्या सगळ्या अडचणी आपण स्वतः बांधल्यात.

हे फक्त आपलंच नाही

क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी आधी अमेरिकेच्या आणि मग जगभरच्या रस्त्यांचा असाच हिशोब मांडला. त्यांची मोजपट्टी साधी आहे. एका चौकात किती रस्ते मिळतात? किती रस्ते पुढं बंद आहेत? सरळ अंतर किती आणि प्रत्यक्ष फिरून जायला किती? त्यांना दिसलं, की विसाव्या शतकात अमेरिकेतले नवे रस्ते जास्त जास्त तुटक होत गेले. हा तुटकपणा १९९४ च्या सुमाराला टोकाला पोचला आणि मग तिथं उलटा प्रवास सुरू झाला. जगाच्या बऱ्याच भागांत मात्र नवी वाढ अजून तुटकच होतेय. तुटक रस्त्यांच्या वस्तीत गाडीशिवाय भागत नाही, आणि एकदा आखलेले रस्ते बदलणं जवळपास अशक्य असतं, हा त्यांचा इशारा.

१९९४! आपली हद्दवाढ १९९२ ची. ते चुकीतून बाहेर पडायला लागले, नेमक्या त्याच वेळी आपण तिच्यात शिरलो.

किंमत कोण देतंय?

गाडीवाल्याला दोन किलोमीटरचा वळसा म्हणजे थोडं पेट्रोल. पण सगळ्यांकडं गाडी नाही.

विडी कामगार बाईचं बघा. पानं-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या आणि माल परत नेऊन द्यायचा. अंतर हा तिच्या मजुरीतून कापला जाणारा पैसा आहे. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी लढून कुंभारीला घरं मिळवली. आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजारांची वसाहत, मग रे नगरची तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. झोपडीतल्या बाईला स्वतःच्या नावाचं पक्कं घर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्याला कमी लेखू नका. पण प्रश्न असा पडतो, की ३३ चौरस किलोमीटरच्या शहरात ज्या बाईनं आयुष्यभर पायी ये-जा केली, तिला घर द्यायला १७८ चौरस किलोमीटरमध्येही जागा का निघाली नाही? मधले सगळे प्लॉट बाभळीसाठी राखून ठेवलेत काय?

सिटी बसचं दुखणंही इथंच आहे. बस तोट्यात का जाते, याची कारणं पुष्कळ. पण एक कारण नकाशात आहे. वस्त्या एकमेकींना जोडलेल्या असतील, तर बस एकीतून शिरून दुसरीतून बाहेर पडते, वाटेत माणसं भरत जाते. प्रत्येक कॉलनी बंद पिशवीसारखी असेल, तर बस आत जाणार कशी? ती मेन रोडनंच जाते. आपण एक किलोमीटर चालून स्टॉपवर जातो, नाहीतर शेअर रिक्षा धरतो.

पाण्याचंही तेच. उजनीचं पाणी शहरात पोचलं, तरी पसरलेल्या वस्तीत ते फिरवायला पाईप लांब, टाक्या जास्त, गळती जास्त. नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येण्यामागं फक्त उजनी नाही, हे पसरलेपणही आहे.

आणि सगळ्यात मोठी किंमत म्हणजे जीव. सगळ्या कॉलन्यांची तोंडं पुणे रोड, विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोडवर उघडतात. म्हणून दूध आणायला निघालेला म्हातारा, शाळेची पोरं आणि सिमेंटचा ट्रक एकाच रस्त्यावर येतात. जड वाहनांखाली कुणी गेलं की आपण रास्ता रोको करतो, आणि ते बरोबरच आहे. पण दूध आणायला हमरस्त्यावर जायची वेळ त्याच्यावर का आली, हे आपण विचारत नाही.

बायपास

आता शहराची कड तिसऱ्यांदा सरकतेय. केगाव-हत्तूर बायपास झाला. होटगी रोडच्या विमानतळासाठी जून २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ मध्ये विमान उडालं. लगेच पाट्या लागल्या. 'बायपास टच', 'एअरपोर्टपासून पाच मिनिटं'. तिथंही आज तूर आणि ज्वारी उभी आहे. तिथले बांध उद्याच्या भिंती व्हायच्या आहेत. म्हणजेच तिथं अजून वेळ गेलेली नाही.

मागणी फार मोठी नाही. नव्या लेआउटला मंजुरी देताना त्याचे रस्ते शेजारच्या गटात पुढं कुठं जाणार, ते आधीच ठरवा आणि रस्त्याचं ते टोक प्लॉटवाल्याच्या नाही, महापालिकेच्या ताब्यात ठेवा. आराखड्यातले रस्ते प्लॉट विकण्याआधी जमिनीवर दगड रोवून दाखवा. शिवरस्ते, पाणंदी मोकळ्या करा. आणि जिथं भिंती उभ्याच आहेत, तिथं निदान माणूस आणि सायकल जाईल एवढं दार काढा. गाडी नको, पायवाट द्या. त्याला कुठला पूल लागत नाही की निधी लागत नाही. दोन कॉलन्यांच्या माणसांनी एका रविवारी एकत्र बसलं तरी पुरतं.

आपणही प्लॉट घेताना भाव विचारतो, सातबारा बघतो, एनए झालाय का विचारतो. त्याबरोबर एवढंही विचारा: "हा रस्ता पुढं कुठं जातोय?" उत्तर "इथंच संपतोय, एकदम शांत आहे" असं आलं, तर ती शांतता आपली पोरं पुढं वळसे घालून फेडणार आहेत, एवढं लक्षात ठेवा.

माझ्या मित्रानं त्या भिंतीबद्दल पलीकडच्या कॉलनीतल्या लोकांशी बोलायचं ठरवलंय. काही जण तयार आहेत, काहींना चोरांची भीती वाटते. बघू काय होतंय.

दीडशे वर्षांपूर्वी पन्नास हजारांच्या गावानं आपला अख्खा पूर्वेचा तट पाडला होता. आपल्याला फक्त एक दार पाडायचंय.